दुसरं मचाण

नवी जमीन पाहावी ती बर्फ वितळताना. तेव्हा झाडांवर पान नसतं, गवत झोपलेलं असतं, आणि वर्षभर झाकून ठेवलेलं सगळं जंगल उघडं करून दाखवतं. हरणांच्या वाटा ओल्या मातीत गुळगुळीत दिसतात. शिंगं घासून सोललेली खोडं लांबून पांढरी चमकतात.

विस्कॉन्सिनच्या टेकड्यांत बी-बियाण्याचं आणि खिळ्यांचं दुकान चालवणारा वर्लिन झीबार्ट मार्चमधल्या एका सकाळी अशीच आपली जमीन पाहत होता. विकत घेऊन आठवडाही झाला नव्हता. खाली वाटेवर ट्रकची काच उतरवून त्याचा बाप एमिल बसला होता. मांडीवर कॉफीचा थर्मास, आणि तोंड चालू.

"काय शोधतोयस? दुकानात बसून बुडाला मुळं फुटलीत तुझ्या. चढ की वर!"

"चढतोय, बाबा. तुम्ही काच लावा, गार वारा आहे."

"गार वाऱ्याने मी मरणार नाही. डॉक्टरने दुसरंच काहीतरी सांगितलंय."

डॉक्टरने सांगितलं होतं की पुढच्या हिवाळ्याच्या पलीकडचा हिशेब करू नका. हृदय दमलं होतं. जुनं शेत आणि त्यासोबतचं रान कधीच विकलं गेलं होतं, आणि एमिल शिकारीचे दोन हंगाम घरात खिडकीशी बसून होता. त्याला अजून एकदा, एकदाच, स्वतःच्या रानात मचाणावर बसायचं होतं. वर्लिनने जमीन घेतली ती त्यासाठी.

आता बियाणं विकणाऱ्याला एक गोष्ट पक्की ठाऊक असते. हरणांसाठी चारा पेरणं सोपं, तो बरोबर जागी पेरणं अवघड. त्याच्या एका गिऱ्हाइकाने दुकानातलं सगळ्यात उंची बियाणं नेऊन अगदी कुंपणालगत पेरलं होतं. हंगामभर शेजाऱ्याने आपल्या मचाणावर बसून त्याच चाऱ्यावरची हरणं मारली आणि नाताळात याला त्याच मांसाचं सॉसेज पाठवलं. वर्लिन ही गोष्ट प्रत्येक नव्या गिऱ्हाइकाला सांगायचा. त्यामुळे स्वतःची जागा तो डोळ्यांत तेल घालून निवडत होता.

पण इथे निवडायला काही उरलंच नव्हतं. टेकडीच्या कुशीत एक सपाट मोकळवन होतं, चाऱ्यासाठी जणू मापून काढलेलं. नोव्हेंबरात, शिकारीच्या हंगामात, वारा वायव्येकडून येतो, म्हणजे माणसाचा वास हरणांकडे जाऊ नये म्हणून मचाण आग्नेयेला हवं. आग्नेयेला नेमका एक दांडगा ओक उभा होता. बेचकी कमी उंचीवर, म्हाताऱ्या माणसाला शिडीने चढता येईल अशी. ओकापर्यंतची चढणही मऊ. मध्ये एक खोड आडवं पडलं होतं, पण माणूस जाईल एवढी फट सोडून.

"सापडली जागा," खाली येऊन तो म्हणाला. "तुम्हाला अडखळायलासुद्धा काही नाही."

"एवढी चांगली जमीन लोक विकतात कशाला रे?" एमिलने विचारलं. उत्तराची वाट न पाहता तो कॉफी ओतू लागला.

वर्लिनने मातीत चुना टाकला. ऑगस्टमध्ये क्लोव्हर आणि ओट हा हरणांचा आवडता चारा पेरला. पाऊस वेळेवर पडला आणि मोकळवन असं हिरवंगार झालं की बघत राहावं. पण हरणं तोंड लावीनात. वाटा मोकळवनाच्या काठापर्यंत यायच्या आणि वळसा घालून निघून जायच्या. ऑक्टोबरात चारा गुडघ्याला लागला, एकही पान कुरतडलेलं नव्हतं. संध्याकाळी हरणं वरच्या धारेवर गप्प उभी राहायची. सगळ्यांची तोंडं एकाच दिशेला, ओकाच्या मागच्या चढाकडे.

"हिम पडलं की चाऱ्याला गोडी येईल," एमिल म्हणाला. "मग बघ कशी धावतात."

हंगामाच्या पहिल्या पहाटे वर्लिनने बापाला ओकावर बसवलं, पट्टा कमरेला बांधला, बंदूक हातात दिली. स्वतः लांबचा वळसा घेऊन टेकडीमागे गेला. उजेड पसरल्यावर हळूहळू हाका घालत यायचं, म्हणजे हरणं बापाच्या पुढ्यात उतरतील.

हिम पडून गेलं होतं. पाय टाकला की पानं काचेसारखी मोडत. धारेवर हरणं उभी होती, आणि वर्लिन उघड्यावर आला तरी पळाली नाहीत. ती त्याच्याकडे बघतच नव्हती. त्याने त्यांच्या नजरेमागे नजर नेली. ओकाच्या मागे, चढावर, एक काळा पाइन होता.

जवळ गेल्यावर राळेचा वास आला. ओला, ताजा, घसा धरणारा. वर फांद्यांत एक फळी होती. इतकी जुनी, की झाडाची साल तिच्या कडांवरून वाढून तिला गिळत होती. वर्लिन फांद्या धरून चढला आणि बसला.

तिथून मोकळवन दिसत नव्हतं. एका दाट फांदीने ते पुरतं झाकलं होतं. दिसत होता फक्त ओक. पाइनपासून ओकापर्यंत फांद्या छाटून एक सरळ, अरुंद बोळ काढलेला होता. काही छाट जुने, भरून आलेले. काही पांढरे होते, त्यांतून राळ अजून ठिबकत होती. बोळाच्या टोकाला, शिकाऱ्याच्या नारिंगी कोटातली, त्याच्या बापाची पाठ होती.

वारा ओकाकडून त्याच्या तोंडावर येत होता.

दुकानात वर्लिन खिळे सगळ्यात मागे ठेवायचा. गिऱ्हाईक खिळ्यांसाठी येतं आणि सगळ्या मालावरून चालत जातं. त्याला वाटतं, आपणच वाट निवडली. हे त्याला फळीवर बसल्या बसल्या आठवलं. मऊ चढण. आडव्या खोडातली फट. कमी उंचीची बेचकी. हरणं तोंड लावत नाहीत असा चारा...

तो जवळजवळ घसरतच खाली आला.

एमिल मात्र खुशीत होता. गालांवर रंग चढला होता. "आला होता! हिरव्यात मधोमध उभा. एवढी शिंगं बापजन्मात पाहिली नाहीत मी. माझ्याकडे पाठ करून चरत होता. आणि मला खोकला नाही, छातीत दुखणं नाही, काही नाही."

"मग मारला का नाही?"

"पहिल्या दिवशी मारू नये रे. सावजाला निर्धास्त होऊ द्यावं. दुसऱ्या दिवशी ते आपल्या पायांनी येऊन बसतं."

वर्लिनने मोकळवनाकडे पाहिलं. हिमाने पांढऱ्या झालेल्या चाऱ्यावर एकही खूर उमटला नव्हता.

"बाबा... उद्या नको. वारा फिरणार आहे."

"वारा फिरत नाही. मला नको शिकवू." मग एमिलचा आवाज उतरला. "पोरा, माझ्याकडे किती उद्या आहेत?"

तेव्हा बोलायला हवं होतं. पण दिवसाढवळ्या, हातात बंदूक असताना, एका फळीला भ्यालो हे त्या बापापुढे कसं सांगणार? आयुष्यभर थट्टा ऐकावी लागली असती. वर्लिनने दुकानदाराचा तोडगा काढला. बसायची जागा रिकामी असली तर कुणीतरी बसणार. आपणच बसू.

दुसऱ्या पहाटे बापाला ओकावर चढवून तो पाइनवर जाऊन बसला. बंदुकीत गोळी भरून, टोपी कानांवर ओढून. फळी त्याच्या मापाची होती. उजाडलं. बोळातून नारिंगी पाठ दिसू लागली, आणि त्याच्याकडून येणारा वारा... कॉफीचा, तंबाखूचा, बापाच्या जुन्या कोटाचा वास. एवढ्या लांबून येऊ नये इतका स्पष्ट. वर्लिनने नजर हलवली नाही. ती हलवावीशीच वाटेना. श्वास आपोआप बारीक झाला, बोटं आपोआप स्थिर झाली. आजूबाजूला काहीही नव्हतं. कुणीही आलं नाही, हे तो पुढे शपथेवर सांगायचा.

ऊन पाठीवर आलं तसं बापाचं डोकं हळूच पुढे झुकलं. डुलकी लागली म्हाताऱ्याला, वर्लिनला वाटलं. आणि का कोण जाणे, त्याला फार समाधान वाटलं.

खाली उतरून ओकापाशी गेला तेव्हा एमिल गार झाला होता. अंगावर ओरखडाही नव्हता. ओठ जरा उघडे, आणि दातांत पाइनची हिरवी डहाळी.

शेरीफचा माणूस वेंडल आला. तो एमिलच्या ओळखीतला होता. "हृदय थांबलं," तो हळू म्हणाला. "मचाणावर मरण आलं, वर्लिन. याहून चांगलं काय मागायचं? पण ही डहाळी... ओकावर पाइन कुठून?"

झीबार्टांच्या घरात जर्मनीतून आलेली एक रीत होती, आणि एमिलने ती कधी चुकवली नव्हती. हरीण पडलं की तो हिरवी डहाळी मोडायचा. अर्धी डहाळी मेलेल्या जनावराच्या तोंडात, शेवटचा घास म्हणून. उरलेली अर्धी टोपीत खोचायची, ज्याने शिकार केली त्याच्या.

वेंडलने एमिलच्या दातांतली डहाळी अलगद काढली. मग तो वर्लिनकडे बघत राहिला, चेहऱ्याकडे नव्हे, त्याच्या वर.

"वर्लिन," तो म्हणाला, "तुझी टोपी काढ जरा."

वर्लिनने टोपी काढली. वेंडलने तिच्यात खोचलेली अर्धी डहाळी उपसली आणि दोन्ही तुकडे एकमेकांना लावले. मोडीला मोड नेमकी बसली, आणि मधून राळेचा एक थेंब सावकाश वर आला.