खुर्चीतले वृक्षासन

आमची पहिली भेट थेट मिठीनेच झाली. तीत प्रणयाचा अंश शून्य होता. गुरुत्वाकर्षण मात्र भरपूर होते.

भांडुपच्या एका सोसायटीत मी नव्या रुग्णाकडे निघाले होते. लिफ्टमधून बाहेर पडले, तर समोर एक तरुण डाव्या पायावर उभा. उजवे पाऊल पोटरीला टेकवलेले, डोळे मिटलेले, मुद्रेवर अपार समाधान. मग तो सावकाश, मुळासकट झाड कलावे तसा, डावीकडे कलला. मी बॅग टाकली आणि त्याला कमरेला धरले.

"मॅडम," तो माझ्या खांद्यावरून म्हणाला, "आपली ओळख?"

"अनुपमा. फिजिओथेरपिस्ट. आणि तुम्ही चैतन्य परब असणार."

"कसं ओळखलंत?"

"डावा पाय लटपटतोय आणि अक्कल दोन्ही बाजूंनी."

चैतन्य योगशिक्षक होता. पस्तिशीत त्याला पक्षाघाताचा झटका आला होता. मेंदूच्या उजव्या भागातली एक रक्तवाहिनी तुंबली आणि डावा हात, डावा पाय व हसण्याची डावी बाजू दुबळी झाली. "रोज योग करणाऱ्याला झटका येतोच कसा?" असे शेजारी विचारत. योग करणाऱ्यांनाही रक्तवाहिन्या असतात, हे उत्तर मी त्यांना विनामूल्य देत असे.

त्याला एकच गोष्ट हवी होती: गच्चीवरचा आपला वर्ग पुन्हा सुरू करणे. मी मात्र त्याच्यापुढे स्वयंपाकघरातली लाकडी खुर्ची ठेवली.

"खुर्चीत बसून योग? उद्या ओट्यावर पोहायला शिकवाल."

"तुम्ही उभे राहिलात की काय होतं, ते मी खांद्यावर झेललंय. बसा."

खुर्चीची पाठ भिंतीला लावली. वृक्षासनातला पाय आता वर चढत नव्हता. बोटे जमिनीवर ठेवून फक्त टाच उचलायची आणि गुडघा बाहेर वळवायचा. डाव्या हाताची बोटे उजव्यात गुंफून दोन्ही हात एकत्र वर न्यायचे. ध्यान उघड्या डोळ्यांनी, नजर डाव्या तळहातावर. कारण त्याच्या मेंदूला त्या बाजूचा विसर पडला होता आणि सदऱ्याची डावी बाही बऱ्याचदा रिकामीच लोंबत असे. 'प्राण' आणि 'ऊर्जा' हे शब्द मी वर्ज्य केले. त्याने त्याबदल्यात 'मज्जासंस्था' हा शब्द दर वाक्याला वापरून माझा सूड घेतला.

खरी अडचण वेगळीच निघाली. जरा जोर लावायची वेळ आली की चैतन्य श्वास कोंडून धरी. इतक्या वर्षांच्या कुंभकाची सवय! झटक्यानंतर अशाने रक्तदाब चढतो, म्हणून मी नियम केला: व्यायाम चालू असेपर्यंत अखंड बोलायचे. वाक्य तुटले की समजायचे, श्वास अडला.

"पण बोलू काय?"

"काहीही. हात वर."

"तुम्ही हसलात की... गालाला..."

"वाक्य पूर्ण करा!"

"...खळी पडते. एकाच. विषम आहे."

"तुमचं हसूही विषम आहे."

"माझ्याकडे वैद्यकीय कारण आहे, मॅडम. तुमची सबब काय?"

अशी आमची सत्रे चालत. एकदा त्याचा एकच डोळा मिटून उघडला.

"हा डोळा मारलात, की पापणी दमली?"

"डावा असेल तर दमली."

"उजवा होता."

"मग... निदान तुमचं निरीक्षण उत्तम आहे."

त्याची आई, लताकाकू, दारातून हे ऐकत. "गो, तू येतस तेवा हो वटवट करता," त्या एकदा म्हणाल्या. "माज्याकडे तोंड उघडणा नाय. ह्या औषध माका पण शिकव!"

त्या घराची बेल वाजवताना माझी नाडी वाढत असे. मी पर्यायी कारणे तपासली. जिना? लिफ्ट चालू होती. चहा? घेतलेला नसे. ऑक्टोबरचा उकाडा? पंख्याखालीही आकडा तोच. उरलेले कारण मी काही दिवस अमान्य केले.

मग एका सकाळी तो खुर्चीची पाठ धरून उभा राहिला आणि त्याने टाच उचलली. तोल गेला... त्याने खुर्ची घट्ट पकडली म्हणून निभावले. मी त्याला धरायला पुढे झाले नव्हते. कारण मी पायाकडे पाहतच नव्हते.

दुसऱ्या दिवशी मी सांगून टाकले, "उद्यापासून माझ्या जागी माझे सहकारी हर्षद येतील. अनुभवी आहेत."

"मी जास्त बडबड केली का?"

"बडबड हाच उपचार होता."

"मग हर्षदपुढे मी तोंड उघडणार नाही. आत्ताच सांगतो."

"हात आहे तसाच राहील. गच्चीवर काय शिकवणार?"

"राहू दे. गच्चीही राहू दे."

हे तो थट्टेत म्हणत नव्हता. त्याची आतापर्यंतची सगळी मेहनत माझ्या एका वाक्याने वाया जाणार होती. मग दुसरे वाक्य बोलणे भाग होते.

"काल तू टाच उचललीस, तेव्हा मी तुझ्या चेहऱ्याकडे बघत होते. पडला असतास, चैतन्य. ज्याच्याकडे मला असं बघत बसावंसं वाटतं, त्याच्यावर मी उपचार करू शकत नाही. तसा नियम आहे... आणि तो बरोबर आहे."

"म्हणजे तू मला सोडत नाहीयेस?"

"रुग्ण म्हणून सोडतेय."

"आणि माणूस म्हणून?"

"रविवारी मी मोकळी असते. हर्षदशी बोलशील?"

"तासभर! तुझ्याबद्दल."

त्याने डावा हात टेबलावर ठेवला आणि माझ्या हाताकडे सरकवू लागला. कोपर अडखळले, बोटे मिटली. माझा हात सवयीने आधाराला पुढे झाला; मी तो मागे घेतला.

"मदत नाही करणार?"

"ते हर्षदचं काम. मी इथे थांबते."

मी थांबले. आतून बांगड्याचा खमंग वास येत होता आणि लताकाकू काहीच ऐकू येत नसल्यासारख्या भांडी वाजवत होत्या. हात पोहोचायला किती वेळ लागला, ते मी मोजले नाही.