उतारावरचा मीटर

गाड्यांच्या वायरी जोडून माझं पोट भरतं. उजेड दिसला की त्याला कुठून तरी करंट येत असणार, एवढंच मी मानत आलो. त्या दिवशीही साध्या कामानेच मुआन मावशीच्या भंगाराच्या दुकानात गेलो होतो. माझा धाकटा भाऊ वुट हा फू थाप बेक नावाच्या डोंगरावरून पिकअपमधून कोबी खाली आणतो. त्याला इंजिनचं तापमान आकड्यांत दाखवणारा आणि जास्त तापलं की ओरडणारा मीटर हवा होता.

"हा घे. पण मेलेल्या गाडीतला आहे," मावशी म्हणाली. "तिच्या आईला सांगून ने."

आमच्याकडे प्रत्येक गाडीत एक आई राहते, मे या नांग. तिला मोगऱ्याचा हार घालून रंगीत फडकं बांधल्याशिवाय चाक हलत नाही. अपघातातल्या गाडीचा भाग काढताना हात जोडून म्हणायचं, आई, तू इथंच राहा. मी उदबत्ती लावली आणि तसं म्हणालो.

पण मीटरच्या बुडाशी त्या आईच्या फडक्याची एक चिंधी गुंडाळलेली होती, ती माझ्या नजरेतून सुटली. वुटने ती सोडवून आपल्या गाडीच्या आरशाला लटकवलेल्या हाराला बांधली.

"आई, एकटी कशाला राहतेस तिकडे? चल आमच्याबरोबर. ही गाडी तुझीच समज."

"गाढवा, मी तिला तिथंच राहायला सांगून आलोय!"

"असू दे की दादा. एक आई झोपली तर दुसरी जागी."

दुसऱ्या दिवशी मीटर तपासायला मीही त्याच्याबरोबर गेलो. शेतं जाळायचे दिवस होते. भर दुपारी सगळा घाट धुरात बुडाला होता आणि दिवे लावूनही पुढची गाडी दिसत नव्हती. मोठ्या वळणाच्या अलीकडे मीटरचे आकडे चढू लागले. शंभर. एकशे आठ. एकशे अठरावर तो कर्कश ओरडला. केबिनमध्ये कुजलेल्या मोगऱ्याचा वास भरला. आमचा हार तर सकाळीच घातला होता.

वुटने वळणावरच कठड्याला लावून गाडी थांबवली. मी बॉनेट उघडलं. इंजिन अजिबात तापलेलं नव्हतं. मग सेन्सरच्या वायरीकडे लक्ष गेलं. मी घट्ट बसवलेली वायर सुटून लोंबत होती. अशा वेळी मीटरवर नुसत्या रेघा यायला हव्यात, आकडे नाहीत.

"वुट... गाडीत बस. निघ इथून."

आम्ही हललो, तेवढ्यात मागच्या धुरात एका अवजड गाडीचा हॉर्न वाजला. पण मागून कुणीच आलं नाही.

घरी पोचताच मी मीटर उपटून काढला; हाराला बांधलेली चिंधी मात्र तशीच राहिली. वुट फुगून बसला. "छान! आता डॅशबोर्डला भोक. त्यात काय कोबी ठेवू?"

दुसऱ्या दुपारी मीटर परत द्यायला गेलो. मावशीने तो हातातही घेतला नाही.

"त्या गाडीचं इंजिन कधी तापलंच नव्हतं रे थेप," ती हळूच म्हणाली.

"मग?"

"हा मीटर ओरडला म्हणून बिचारा ड्रायव्हर वळणावर थांबला. बॉनेट उघडून वाकला... आणि धुरातून मागून ट्रक आला."

तरी जीव भांड्यात पडला, कारण मीटर माझ्या हातात होता आणि वुट त्याच्याशिवाय डोंगरावर गेला होता. इतक्यात फोन वाजला. वुटच होता.

"दादा, सकाळी गुपचूप परत बसवलास होय? बरं केलंस. एकशे अठरा झालंय बघ. वळणावर थांबलोय, बॉनेट उघडतो आता."

माझ्या हातातल्या मीटरच्या वायरी लोंबत होत्या. काच काळी होती. आणि फोनमधून तोच कर्कश आवाज येत होता.

"वुट, बॉनेट राहू दे! गाडीपासून लांब पळ... कठड्यापलीकडे जा!"

"काय? ऐकू येत नाही रे." त्याच्या मागून, दुरून, हॉर्न वाजला. "जरा थांब दादा, इथं कुणी म्हातारी आलीय. माझा हात धरून उभी आहे. म्हणतेय... ही गाडी तिची आहे."