बटण दाबलं: होय

बंड्या ताईकडे गेला तो निव्वळ लॅपटॉप बघायला. एका कंपनीत तो सर्व्हर सांभाळायचा. तिथे सगळे त्याला सर म्हणत, पण घरी वयाच्या बेचाळिसाव्या वर्षीही तो बंड्याच होता. पिशवीत स्क्रूड्रायव्हरचा संच होता आणि डोक्यात निदान तयार होतं: पंख्यात धूळ साचली असणार, लॅपटॉप तापत असणार. तासाभराचं काम.

ताईने दार उघडलं.

"किती वाळलीस गं!"

"आधी ते बघ. मग माझं."

बाबा मागच्या खोलीत होते. दीड वर्षापूर्वी मेंदूचा झटका आला आणि मानेखालचं सगळं गेलं. गळ्यात श्वासाची नळी. छातीला एक पट्टा, त्याची वायर पलंगाशेजारच्या स्टुलावरच्या लॅपटॉपला. ही सोय बंड्यानेच करून दिली होती. नळीत कफ अडकला, श्वास मंदावला, की लॅपटॉप स्वयंपाकघरात घंटा वाजवायचा. ताई हातातलं टाकून धावायची आणि यंत्राने कफ ओढून काढायची. गेले बारा दिवस हा लॅपटॉप रोज दुपारी बंद पडत होता. दोनदा तर ती सहज डोकावली म्हणून कळलं. बाबांचे ओठ निळे पडले होते.

"तिसऱ्यांदा मी वेळेवर नाही पोचले तर?" ताई म्हणाली. "दुपारी डोळा मिटायलासुद्धा धजत नाही रे."

खोलीत स्पिरिटचा आणि अंगाला लावायच्या पावडरीचा वास होता. बंड्याने बाबांच्या कपाळावर हात ठेवला, मग लॅपटॉप उघडून बसला. धूळ नव्हती. मेमरी तपासली, ठणठणीत. बॅटरी नवी. तापमान अगदी बेताचं. एकेक शंका खोडत तो जेवणाच्या वेळेपर्यंत आला, तेव्हा त्याने शेवटी नोंदी उघडल्या. यंत्र आपल्या पोटातलं सगळं लिहून ठेवतं. मध्येच बंद पडलं तर पुन्हा चालू झाल्यावर का बंद पडलं तेही लिहितं. फक्त वाचायचा धीर हवा.

बारा दिवस, बारा नोंदी. सगळ्या सव्वादोन ते पावणेतीनच्या दरम्यानच्या. त्याने पहिली उलगडली. वीज गेली होती? नाही. आतला बिघाड? नाही. खाली एक ओळ होती, तिच्याकडे एरवी कुणी बघत नाही.

पॉवर बटण दाबून धरलं: होय.

दुसरी उलगडली. होय. तिसरी, चौथी... बाराही.

"ताई," तो हळूच म्हणाला, "हा बंद पडत नाहीये. कुणीतरी बंद करतंय. बटण चार सेकंद दाबून धरल्याशिवाय अशी नोंद होत नाही."

"नर्सबाई एकला जातात. आणि रविवारी तर येतच नाहीत."

रविवारच्याही नोंदी होत्या. बंड्याने नुसतं तिच्याकडे बघितलं, आणि त्या बघण्यातच सगळं आलं.

ताई पलंगाच्या कडेवर टेकली.

"मनात आलंय," ती म्हणाली. "खोटं कशाला सांगू? शंभरदा आलंय. आज घंटा वाजलीच नाही, तर सुटतील ते... सुटेन मी. पण हात नाही गेला रे. तुझी शपथ, एकदाही नाही गेला."

बाबांचे डोळे मिटलेले होते. ऐकत होते की नाही, कळायला मार्ग नव्हता. बंड्याला स्वतःचीच लाज वाटली. महिन्यातून एकदा येऊन वायरी तपासणारा तो, आणि दीड वर्ष रात्रंदिवस उशाशी बसलेली ही.

"चल," तो म्हणाला. "दोघं बसू इथेच."

ते बसले. ताईचे दोन्ही हात त्याने आपल्या हातात घेतले. बाहेर लख्ख ऊन होतं, पडद्याच्या फटीतून त्याची एक पट्टी फरशीवर पडली होती. रस्त्यावर कुणीतरी मोटार धूत होतं, पाण्याचा आवाज येत होता. बाबांच्या नळीतून श्वास... आत, बाहेर. आत, बाहेर.

दोन पंचविसाला बटण टिचकन् आत गेलं.

तो आवाज दोघांनीही ऐकला. बटण आत गेलेलं दिसत होतं, बोटाने दाबल्यासारखं खोलगट, आणि तसंच राहिलं. ताईची नखं बंड्याच्या तळहातात रुतली. लॅपटॉपचा पडदा काळा झाला. मग बटण हलकेच वर आलं.

बाबांचे डोळे उघडे होते. ते या दोघांकडे बघत नव्हते. स्टुलाच्या पलीकडे, भिंतीला लागून जी हातभर मोकळी जागा होती, तिथे बघत होते.

बंड्याने मग विचार केला नाही. त्याने लॅपटॉप उलटा केला, झाकण काढलं आणि बटणाची पातळ पट्टी मुळापासून उपसून खिशात टाकली. चार्जर लावला की आपोआप चालू व्हावा, अशी सोय करून ठेवली. दोन स्क्रू घरंगळत पलंगाखाली गेले.

"आता बटणच नाही," तो म्हणाला. आवाज मोठा निघाला. "आता काय दाबणार? काय दाबणार आता?"

लॅपटॉप सुरू झाला. श्वासाची हिरवी रेघ पुन्हा चालू लागली. ताईने डोळे पुसले.

दहा मिनिटांनी पडदा काळा झाला. या वेळी आवाजही आला नाही. आणि त्याच क्षणी बाबांच्या नळीत घरघर झाली आणि थांबली.

"यंत्र! यंत्र दे!" ताई किंचाळली. तिने यंत्राची नळी घातली, कफ ओढला, पुन्हा ओढला. बाबांचा चेहरा शाईसारखा झाला. मग छाती एकदम उसळली आणि श्वास परत आला. ताई तिथेच फरशीवर बसली.

बंड्याने चार्जर काढून पुन्हा लावला. नवी नोंद आली. बटण दाबून धरलं: होय.

बाबांशी बोलायची एकच रीत उरली होती. पापणी एकदा मिटली की हो, दोनदा मिटली की नाही. बंड्या त्यांच्या तोंडाजवळ वाकला.

"बाबा... इथे कुणी आहे?"

एकदा.

ताईने तोंडावर हात दाबला. आई याच खोलीत गेली होती, सहा वर्षांपूर्वी. दोघांच्याही मनात तेच आलं, आणि खरं तर त्यात थोडा दिलासाही होता.

"आई आहे का, बाबा?"

एकदा. क्षणभर थांबून... पुन्हा एकदा. नाही.

"ओळखीचं आहे कुणी?"

बाबांनी पापणी मिटलीच नाही. डोळ्यांच्या कडेने पाणी मात्र कानापर्यंत ओघळत गेलं.

अर्ध्या तासात अँब्युलन्स दारात होती. बाबांना रुग्णालयात हलवलं. तिथे वीस खाटांचा वॉर्ड, सतत माणसांची ये-जा, भिंतीवर मोठी यंत्रं. बंड्या रोज सिस्टरना विचारायचा, "दुपारी यंत्र बंद पडलं का?" त्या वैतागून म्हणायच्या, "अहो, कशाला बंद पडेल?" अकराव्या दिवशी सकाळी बाबा गेले. शांतपणे, दोघांच्या हातात हात असताना. बंड्या रडला, पण त्या रडण्यात मोकळं वाटणंही होतं. वेळेवर बाहेर काढलं, एवढं तरी आपल्याकडून झालं, असं त्याला वाटलं.

लॅपटॉप त्याने विकला नाही, कुणाला दिलाही नाही. पार मोडून टाकला. ताईला म्हणाला, "माझ्याकडे येऊन राहा." ती म्हणाली, "राहीन रे, आधी जरा पोटभर झोपू दे. दीड वर्षाची झोप बाकी आहे."

पंधरा दिवसांनी त्याने ऑफिसातून फोन केला. बराच वेळ वाजल्यावर तिने उचलला.

"काय करत होतीस?"

"पडले होते. बाबांच्या पलंगावर. तिथे छान डोळा लागतो." आवाज झोपेतला, जड. "तुला एक विचारायचं होतं, बंड्या. हसशील तू."

"नाही हसत. बोल."

"झोप लागता लागता ना... छातीवर इथे, मधोमध, कुणीतरी अंगठा टेकवल्यासारखं वाटतं." ती थोडी थांबली. "दुखत नाही रे. नुसतं... दाबून बघितल्यासारखं."