स्मृतिसेतू आणि कासारडोहचे छप्पर

स्मृतिसेतू प्रयोगशाळेतल्या दोन्ही खुर्च्या मुद्दाम सारख्याच बनवल्या होत्या. तरीही शिक्षणमंत्री वामनराव खांदवे यांनी आधी त्या हाताने दाबून पाहिल्या आणि जी जास्त मऊ वाटली तीत बसले. उरलेल्या खुर्चीत घोलपबाई बसल्या.

इंदुमती घोलप कासारडोह गावच्या चौथीपर्यंतच्या शाळेवर एकतीस वर्षे शिकवत होत्या. 'प्रयोगासाठी उपस्थित राहावे' असा आदेश आला, म्हणून पहाटेच्या एसटीने त्या आल्या होत्या. शाळा दोन दिवस अंगणवाडीच्या ताईंवर सोपवली होती. पिशवीत डबा होता, आणि आदेशाच्या तीन प्रती. एक प्रत कुठेतरी हरवते आणि दुसरी कुणीतरी ठेवून घेते, हे त्यांना अनुभवाने माहीत होते.

"दुखेल का हो?" त्यांनी डॉ. रेवती अष्टपुत्रेंना विचारले. यंत्र डॉक्टरांनीच बनवले होते.

"नाही बाई. ओल्या फडक्यानं कपाळ पुसल्यासारखं वाटेल." डॉक्टर त्यांच्या डोक्यावर तारांचे शिरोजाळ बसवत होत्या.

"आणि उद्या मी सभागृहात अपूर्णांक शिकवू शकेन?" मंत्र्यांनी विचारले. "विरोधकांच्या देखत?"

"अपूर्णांकच कशाला, सगळंच. मेंदूत अपूर्णांकांचा वेगळा डबा नसतो, साहेब. बाईंनी पहिल्यांदा अपूर्णांक शिकवले त्या दिवसाचं ऊन, खडूचा वास, पुढं बसलेल्या मुलाचं वाहतं नाक, हे सगळं एकाच धाग्यात ओवलेलं असतं. धागा तोडून फक्त गणित काढता येत नाही. आम्ही फार तर विषय निवडू शकतो. आज विषय निवडलाय 'शाळा'. शाळेबद्दल बाईंना जे जे ठाऊक आहे, ते तुम्हाला ठाऊक होईल."

"आणि माझं जे आहे ते?"

"ते बाईंना. दोन टाक्या नळीनं जोडल्या की पाणी दोन्हीकडे एका पातळीला येतं, तसं. आम्ही याला समतलन म्हणतो. फरक एवढाच, की इथं कुणाचं काही कमी होत नाही."

"याआधी मुलांवर प्रयोग केलात, तेव्हा शिक्षकांकडे काय आलं?" मंत्र्यांनी विचारले.

"गोट्यांचे डाव. एका गुरुजींना भोवरा तळहातावर घेता यायला लागला. दुसरं काही नाही."

शिक्षण सचिव नाडगौडा भिंतीला टेकून उभे होते. "मग साहेबांकडून शाळेबद्दल बाईंकडे काय जाणार?" ते बोलून गेले आणि लगेच त्यांनी जीभ चावली.

मंत्री मात्र खो खो हसले. "खरं आहे, नाडगौडा! चौथीत दोनदा बसलो होतो, तेवढं जाईल!"

सगळे हसले. घोलपबाई हसल्या नाहीत. नापास झालेल्याला हसायचे नाही, हा त्यांच्या वर्गाचा नियम होता.

त्यांना एकच गोष्ट बोलायची होती, आणि वेळ थोडा होता. नव्या धोरणानुसार वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा बंद होणार होत्या. तिथली मुले आठवड्यातून एकदा बसने तालुक्याला नेऊन सेतुकेंद्रात याच यंत्राखाली बसवायची, की झाले शिक्षण. त्यासाठीच्या निधीची पुरवणी मागणी याच अधिवेशनात मंजूर व्हायची होती. कासारडोहचा पट होता सतरा.

"साहेब, माझ्या शाळेचं तेवढं बघा," त्या म्हणाल्या.

"बघू की," मंत्री म्हणाले. हे वाक्य ते दिवसातून साठ-सत्तर वेळा उच्चारत.

डॉक्टरांनी कळ फिरवली. अकरा मिनिटांनी पुन्हा फिरवली.

मंत्र्यांनी डोळे उघडले. मग अगदी हळू आवाजात त्यांनी 'एक दिडकी दीड, दोन दिडकी तीन' म्हणायला सुरुवात केली आणि न अडखळता तीसपर्यंत गेले. बाई लहान असताना त्यांच्या गुरुजींनी रोज संध्याकाळी दिवेलागणीला घोकून घेतलेली ती उजळणी होती. पाठोपाठ पाटीवरच्या ओल्या चिंधीचा वास आला. मधल्या सुट्टीत ओंजळीत मिळणारी गोड सुकडी आली, आणि ती मिळाल्यावर आधी हुंगणारी मुले. बाईंच्या हाताखालून गेलेली चारशे बारा मुले नावानिशी आली. सर्वांत शेवटी आली एक बादली. तिसऱ्या तुळईखाली, पहिलीच्या रांगेशेजारी ठेवलेली, हिरवी, कडी तुटलेली.

"ही बादली कसली?" त्यांनी विचारले, आणि उत्तर त्यांनाच आठवले.

बाईंनी शिरोजाळ काढून डॉक्टरांच्या हातात दिले, डबा उघडला आणि म्हणाल्या, "मला काही वेगळं वाटत नाही बुवा." जेवताना मात्र त्यांनी दोनदा नाडगौडांकडे बघितले, एखाद्या जुन्या ओळखीच्या माणसाकडे बघावे तसे.

दुसऱ्या दिवशी सभागृह भरले होते. आमदार शेवंताताई बोडके यांचा तारांकित प्रश्न पहिलाच होता. कासारडोह येथील शाळेचे छप्पर अकरा वर्षे गळत आहे, हे खरे आहे काय. असल्यास, शासनाने कोणती कार्यवाही केली?

छापील उत्तर मंत्र्यांच्या हातात होते. 'हे खरे नाही.' त्याखाली, 'प्रश्न उद्भवत नाही.' सव्वीस वर्षांच्या कारकिर्दीत वामनरावांनी ही दोन वाक्ये इतक्या वेळा वाचली होती, की झोपेतही वाचली असती. आज ते उभे राहिले, कागद डोळ्यांसमोर धरला, आणि न वाचताच खाली ठेवला.

"मंत्रिमहोदय?" अध्यक्ष म्हणाले.

"अध्यक्ष महोदय, हे खरे आहे."

मागच्या बाकावर पेंगणारे एक सदस्य दचकून जागे झाले आणि सवयीने म्हणाले, "शेम, शेम!"

शेवंताताई पूरक प्रश्न विचारायला आवेशाने उठल्या होत्या. त्यांनी हातातल्या चार कागदांकडे पाहिले. एकही उपयोगाचा नव्हता. "हे... अंशतः खरं आहे, असं म्हणायचंय का तुम्हाला?" त्यांनी जवळजवळ विनवणीच्या सुरात विचारले.

"नाही ताई, पूर्ण खरं आहे. तिसऱ्या तुळईपाशी गळतं. बादली वर्गातली मोठी मुलं पाळीपाळीनं ओततात. बाईंनी सव्वीस पत्रं लिहिली. एकाचंही उत्तर गेलेलं नाही."

"मग आजवर तुम्ही खोटी उत्तरं देत होता!" विरोधी बाकांवर गलका झाला.

"नाही हो!" मंत्री कळवळून म्हणाले. "खोटं बोलायला आधी खरं माहीत असावं लागतं. मला माहीतच नव्हतं. आता मी ते छप्पर आतून बघितलंय." गलका वाढला, तसा त्यांचा आवाज अचानक बदलला. "ए, मागची रांग! हाताची घडी! बोडके, तू बस खाली. एकानं बोलायचं."

शेवंताताई खाली बसल्या. त्यांच्याबरोबर दोन्ही बाजूंचे सदस्य बसले. अध्यक्षांचीही हाताची घडी झाली होती, असे नंतर पत्रकारांच्या कक्षातून सांगितले गेले. त्या शांततेत मंत्र्यांनी आश्वासन देऊन टाकले: कासारडोहची शाळा बंद होणार नाही, आणि पावसाळ्यापूर्वी नवे छप्पर घातले जाईल.

पुरवणी मागण्या त्याच दिवशी संध्याकाळी चर्चेविना मंजूर झाल्या. स्मृतिसेतूचा सगळा निधी खात्यात आला. आठव्या दिवशी वामनरावांकडचे शिक्षण खाते काढून त्यांना मत्स्यव्यवसाय देण्यात आला. माशांबद्दल तरी कुणी काही कबूल करणार नाही, असा हिशेब असावा.

नव्या मंत्र्यांनी पहिल्याच बैठकीत हात जोडले. "ते यंत्र माझ्यापासून लांब ठेवा." आणि ज्याने आश्वासन दिले तो माणूसच खात्यात नसल्यामुळे आश्वासन कपाटात गेले. फेब्रुवारीत कासारडोहला पत्र आले. सदर बाब शासनाच्या विचाराधीन आहे.

घोलपबाईंनी ते मुलांसमोर उभ्याने वाचले. सरकारी पत्रे आली की त्या एरवी घडी घालून पेटीत टाकत. या वेळी पहिल्यांदाच त्यांनी आधी कोपऱ्यातला क्रमांक बघितला आणि स्वतःशीच म्हणाल्या, "अरे, हे तर अजून तिसऱ्या मजल्यावरच आहे."

मार्चच्या सव्वीस तारखेला त्या सचिवालयात नाडगौडांच्या दालनात शिरल्या. बाहेरच्या शिपायाला त्यांनी "काय बंडोपंत, गुडघा कसा आहे?" एवढेच विचारले होते, आणि त्याने दार उघडून दिले होते.

"बाई, भेटीची वेळ घेतलीत का?" नाडगौडा म्हणाले.

"बसा, नाडगौडा," बाई म्हणाल्या.

नाडगौडा, स्वतःच्या दालनात, बसले.

"स्मृतिसेतूचा निधी पडून आहे. एकतीस तारखेला तो परत जाईल. मग पुढच्या वर्षी वित्त विभाग विचारणार, खर्च करता येत नव्हता तर मागितला कशाला? त्याचं उत्तर तुम्हाला लिहावं लागेल. मंत्र्यांना नाही."

नाडगौडांनी पाण्याचा पेला ओढला. गेले तीन आठवडे ते याच काळजीत होते.

"सेतुकेंद्राला इमारत लागते," बाई पुढे म्हणाल्या. "भिंती आहेत, जमीन आहे, वीजजोडणी आहे, फक्त छप्पर नाही, अशी एक इमारत मला माहीत आहे. कासारडोहची शाळा सेतुकेंद्र म्हणून दाखवा. पटाचा नियम शाळांना आहे, केंद्रांना नाही. छपराचं काम आज मंजूर करा. आणि जिथं बांधकाम चालू आहे ती इमारत बंद केली, तर लेखापरीक्षणात आक्षेप येतो. ते तुम्हीच एकदा साहेबांना सांगितलं होतंत. मोटारीत. पावसात."

"तुम्ही नव्हता त्या मोटारीत," नाडगौडा क्षीणपणे म्हणाले.

"टिपण अवर सचिवांकडून नेऊ नका, ते 'चर्चा करावी' असा शेरा मारतात. स्वतः नव्या मंत्र्यांकडे घेऊन जा, जेवणानंतर."

"आणि यंत्र? केंद्रात यंत्र कधी बसवणार म्हणून लिहू?"

बाईंनी थोडा विचार केला. "उचित वेळी," त्या म्हणाल्या.

टिपण जेवणानंतर गेले. सही साडेचारला झाली.

जूनमध्ये शाळा उघडली तेव्हा लाल कौले नवी कोरी होती. निमंत्रण नसताना वामनराव खांदवे आपणहून आले, पोरांसाठी मोठ्या पातेल्यात सुकडी करवून. पहिलीला नव्याने आलेली सोडून बाकी सगळ्या मुलांना त्यांनी नावाने हाक मारली. दाराआड उभ्या असलेल्या सोनीला विचारले, "उजव्या कानात अजून दुखतं का गं?" त्यांनी तिला त्याआधी कधीच पाहिलेले नव्हते. मग तिसऱ्या तुळईखाली जाऊन वर बघत उभे राहिले. बादलीत आता जास्वंदीचे रोप लावले होते. मंत्र्यांनी डोळे पुसले, आणि पहिलीच्या रांगेशेजारी मांडी घालून बसले.

डॉ. अष्टपुत्रेही आल्या होत्या, हातात जाड वही घेऊन. प्रयोगाचा अहवाल अपुरा होता. मंत्र्यांकडे काय गेले हे साऱ्या राज्याने ऐकले होते. उलट बाजूचा रकाना कोरा होता. विषय होता 'शाळा', आणि शाळांच्या कागदांवर सव्वीस वर्षे बसलेल्या माणसाला शाळेबद्दल काय काय ठाऊक असेल, हा विचार डॉक्टरांच्या मनात परवा, नाडगौडांशी फोनवर बोलताना, पहिल्यांदा आला होता.

"बाई, खरं सांगा," त्यांनी वही उघडली. "नाडगौडांच्या दालनात जाऊन तुम्ही त्यांना टिपण कसं फिरवायचं ते शिकवलंत, हे खरं आहे का?"

बाईंनी खडू खाली ठेवला, पदराला हात पुसले. मागे मुले सुकडी हुंगत होती.

"हे अंशतः खरे आहे," त्या म्हणाल्या.

"असल्यास, हे सगळं तुमच्याकडे आलं कुठून?"

घोलपबाईंनी नव्या कौलांकडे एकदा समाधानाने पाहिले.

"प्रश्न उद्भवत नाही."