कोरडवेलीचा कंद

कोरडवेलीचा कंद जिवंत खणून आणायचा, एवढ्यासाठी आम्ही तिघं वाळवंटात शिरलो. शहरातल्या काचघरात तिची नरवेल होती. मादीवेल मिळाल्याशिवाय बी धरणार नव्हतं. ती एकट्या माझ्या नवऱ्याने पाहिली होती. ठावठिकाणा त्याच्या वहीत होता, आणि त्याला जाऊन पाच महिने झाले होते.

काचघर सांभाळणारे माझे सासरे, मी, आणि जीपवाला. तो एकदा बोलायला लागला की थांबत नसे, म्हणून सगळे त्याला मौनी म्हणायचे.

दुसऱ्या दिवशी सकाळी जीपचं पुढचं चाक भुसभुशीत काठावरून घसरलं. गाडी कलंडली! मला खरचटलं, मौनीचं कपाळ फुटलं, पण पाण्याचे तीनही डबे चिरले. वाळूने पाणी गट्टम केलं. उरल्या दोन बाटल्या.

"मागे जायला दोन दिवस लागतील," मौनी म्हणाला. "पुढे मिठाच्या ट्रकांचा रस्ता आहे. वीस किलोमीटर."

वेल त्याच वाटेवर होती. आम्ही चालू लागलो. भीती वाटायला हवी होती. मी नुसती पावलं टाकत होते.

दुपारपर्यंत बाटल्या संपल्या. सासऱ्यांचा घाम थांबला, जीभ जड झाली, आणि एका खडकाच्या सावलीत ते मटकन बसले. तिथेच, त्यांच्या बुटापाशी, सुतळीसारखं काहीतरी वाळलेलं वेटोळं पडलं होतं. मी वही उघडली. तोच खडक!

कोणीही ओलांडून गेलं असतं इतकी ती मेलेली दिसत होती. पण या वेलीची तऱ्हाच अशी. पाऊस पडला की तीन आठवड्यांत पानं, फुलं, बी सगळं उरकून घेते. त्या पानांची छिद्रंसुद्धा रात्रीच उघडतात, उन्हाने पाणी ओढून नेऊ नये म्हणून. मग पानं टाकून देते आणि जमिनीखाली कंदात पाणी साठवून वर्षानुवर्षं गप्प बसते.

आम्ही हातांनी वाळू उपसली. हातभर खाली कंद लागला, घागरीएवढा, खरखरीत सालीचा.

मौनीने टोकाला चाकूने खरवडलं, थेंब चाटला आणि बराच वेळ थांबला. "पांढरा चीक नाही, म्हणजे विषारी नसावा. कडू आहे, पण पोटात राहतंय."

सासऱ्यांनी माझं मनगट धरलं. "नको, सूनबाई. त्याची शेवटची गोष्ट आहे ही."

"बाबा, हात सोडा."

"माझं वय झालंय. तुम्ही दोघं जा."

"तुम्हाला इथे टाकून मी घरी काय सांगू?"

मी चाकू चालवला. कंदाचा एक तृतीयांश भाग कापला, चाकूने खरवडून कीस केला, ओढणीत घालून पिळला. गढूळ, कडवट रस. पहिला घोट बाबांना! त्यांनी तोंड फिरवलं. मी हनुवटी धरली, लहान मुलाला औषध पाजतात तशी.

तासाभराने त्यांची जीभ वळू लागली. पहिलं वाक्य होतं, "कापलेली बाजू वर ठेव. ओलावा लागला तर सडेल."

ओली जखम घेऊन कंद पोत्यात घालता येणारच नव्हता. कोरड्या वाळूत महिनाभर राहिला तर जखमेवर खपली धरेल आणि वेल पुन्हा फुटेल; मग परत येऊन नेता येईल. सासऱ्यांनी स्वतः मूठमूठ वाळू सारली, शेवटी सपाट दगड ठेवला आणि त्यावर तळहात टेकून बसले. मी वहीत कापल्याची तारीख लिहिली, नवऱ्याच्या अक्षराखाली.

उरलेला रस बाटलीत भरून आम्ही उठलो. ऊन कलल्यावर चाललो, बाबांना आळीपाळीने खांदा देत. दोनदा ते पडले. दोनदा उचललं. मौनी तोंडातून शब्द काढत नव्हता, तेव्हा मात्र मला पहिल्यांदा धास्ती वाटली.

मावळतीला धूळ दिसली. ट्रक! मौनीने शर्ट काढून फिरवला, ओरडला, धावला. ट्रक थांबला.

केबिनमध्ये फोन लागला. पलीकडून काचघराच्या संचालकांचा आवाज आला, "कंद मिळाला?"

"मिळाला," सासरे म्हणाले. "आणला नाही."

"म्हणजे रिकाम्या हाताने आलात?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "रिकामा कसला? हाताला धरून आणलंय मला. सुनेनं."

ट्रकवाल्याने बिस्किटांचा पुडा पुढे केला. मी तो फोडला आणि पहिलं बिस्कीट बाबांना दिलं.