एकाच ड्राइव्हवर

हेल्मी राऊटिओ वाचनालयाच्या तळघरात उतरली ती केवळ बूट वाळवायला. नोव्हेंबरातला शनिवार होता, कॅनडातल्या थंडर बे शहरावर ओला बर्फ भुरभुरत होता. खाली जुन्या संगणकांचं मंडळ जमलं होतं. कोपऱ्यात, संगणकाच्या हिरव्या पडद्याच्या उजेडात, कानामागे पेन्सिल खोचलेला एक तरुण बसला होता.

"ओले हातमोजे त्या खोक्यावर नकोत," तो म्हणाला. "फ्लॉप्यांना सर्दी होते."

हेल्मीला हसू आलं. "आमच्या घरी आहेत अशा बारा. आईने अकॉर्डियनच्या चाली टिपून ठेवल्या होत्या. संगणक कधीच भंगारात गेला."

"घेऊन या. प्रती काढू." त्याचं नाव ॲन्सेल पेट्री.

पुढच्या शनिवारी ती एकच घेऊन गेली. मग दर शनिवारी एक.

ॲन्सेल आधी मूळ फ्लॉपीच्या कडेच्या खाचेवर चंदेरी पट्टी चिकटवायचा, म्हणजे तिच्यावर चुकूनही काही लिहिलं जात नसे. मग अदलाबदल सुरू. यंत्राला ड्राइव्ह एकच, स्मरणशक्तीही तोकडी. ते मूळ फ्लॉपीतलं थोडंसं वाचायचं, कोरी मागायचं, पुन्हा मूळ मागायचं. असं तीसेक वेळा. हेल्मी द्यायची, तो सरकवायचा. बोटांना बोटं लागायची... आणि छतालगतच्या छोट्या खिडकीबाहेर सरोवरावरून आलेलं धुकं खाली उतरायचं.

आज बारावी होती. शेवटची. सकाळपासून हेल्मीला एकच प्रश्न छळत होता—पुढच्या शनिवारी इथे यायचं ते कशासाठी?

"काय बघतेस?" त्याने विचारलं.

"तुझ्या मिशीला बनवरची गुलाबी साखर लागलीय."

"मग पूस की."

तिने पुसली. पडद्याने कोरी फ्लॉपी मागितली. हेल्मीने न पाहता एक पुढे केली, ॲन्सेलनेही न पाहता आत सरकवली. यंत्र खरखरलं आणि अडलं. लिहिता येत नाही, असं पडद्यावर उमटलं.

आत मूळ फ्लॉपी होती.

"पट्टी नसती तर..." हेल्मीने ती बाहेर ओढली. "आईची चाल पुसली गेली असती. माझ्या हाताने."

"आपल्या दोघांच्या."

"अदलाबदल न करता नाहीच का होत हे?"

ॲन्सेलचे कान लाल झाले. मग वाकून त्याने टेबलाखालचं फडकं ओढलं. खाली दुसरा ड्राइव्ह होता.

"हा जोडला की काहीच बदलावं लागत नाही," तो पुटपुटला. "दहा मिनिटांत होतं."

"आणि तू... इतके शनिवार?"

"मला तुझ्याशेजारी बसायचं होतं. पण आईच्या चालीपेक्षा ते मोठं नाही."

त्याने तार जोडली. दहा मिनिटांत प्रत तयार झाली. हेल्मी मूळ फ्लॉपी पाकिटात घालत म्हणाली, "लबाडा, बाराही फ्लॉप्या पहिली आणली त्या दिवसापासून माझ्या गाडीत होत्या."

दोघंही इतकं हसली की पलीकडच्या टेबलावरचे म्हातारे वळून पाहू लागले.

"पण काम संपलं म्हणता येणार नाही," तो शेवटी म्हणाला. "प्रतीवरून नव्या फ्लॉपीवर उतरवून, चाल वाजवून बघितल्याशिवाय प्रतीचा भरवसा नसतो."

"बाराही?"

"बाराही. दर शनिवारी एक."

हेल्मीने दुसऱ्या ड्राइव्हची तार हळूच काढली. गुंडाळून आपल्या कोटाच्या खिशात टाकली.

"एकाच ड्राइव्हवर," ती म्हणाली.