दोन्ही उतरल्या

"गाडी कुठली?" हितेंद्रने मान वर न करता विचारलं.

"होडी. शिडाची."

आता मात्र मान वर आली. शिवडीच्या त्या रस्त्यावर दिवसभर ट्रक उभे, त्यामुळे हितेंद्रच्या दुकानात बॅटरीसाठी येणारा माणूस म्हणजे ड्रायव्हर नाहीतर क्लीनर. आणि समोर उभी होती ठाकूरद्वारची उर्वी, टॅक्सीतून आणलेली मेलेली बॅटरी पोटाशी कवटाळून. कुर्त्यावर काळा डाग पडला होता. त्याने तो पाहिला, त्याला पाहताना तिने पाहिलं, आणि दोघांनीही उगाचच रस्त्याकडे नजर वळवली.

होडी तिच्या शरदचंद्रकाकांची. काकूच्या नावावरून 'सुनंदा'. गेल्या वर्षी ऐन जहाजांच्या वाटेत वारा पडला, इंजिन सुरू करायला गेले तर बॅटरी संपलेली, आणि एका अवाढव्य जहाजाने भोंग्यावर भोंगे देत जेमतेम वाट बदलली. त्यानंतर काकांनी होडीत पाय ठेवला नाही. आता एक हॉटेलवाला तिला आपल्या बागेत उभी करणार होता. डोलकाठीवर मधुमालती चढवणार होता म्हणे. उर्वीने फारच हट्ट धरला तेव्हा काकांनी एक अट घातली. दोन आठवड्यांनंतरच्या रविवारी तिने एकटीने पलीकडच्या किनाऱ्यावर, मांडव्याला जाऊन यायचं, आणि निघण्याआधी इंजिन आणि दिवे त्यांच्या डोळ्यांदेखत लागले पाहिजेत. नाही लागले, तर सोमवारी टेम्पो होडी न्यायला हजर.

"एक बॅटरी इंजिनाची," हितेंद्रने कागदावर दोन चौकोन काढले. "ती झटका देते नि गप्प बसते. दुसरी दिव्यांची, रेडिओची. ती दमानं चालणारी पायजे. दोन्ही कामं एकीवर टाकली की तुमच्या काकांसारखं होतं." बोलता बोलता त्याने रेघ ओढून एकीचा प्लस दुसरीच्या मायनसला जोडून टाकला.

"असं नको," उर्वी म्हणाली. "हे ट्रकचं झालं, चोवीस व्होल्टचं. होडीत सगळं बाराचं आहे. रेडिओ जळेल."

"सवय ओ मॅडम, हाताची."

"मग हाताला समजवा."

पंधरा दिवसांत 'मॅडम'ची उर्वी झाली आणि 'तुम्ही'चा तू झाला. जुन्या वायरी काढायच्या, नव्या ओढायच्या, आणि दुपारी हितेंद्रच्या आईने काळाचौकीहून पाठवलेले घावणे होडीतच बसून खायचे. एकदा त्याचा पाना घट्ट बसलेल्या नटाशी झुंजत असताना तिने सहज विचारल्यासारखं विचारलं, "बॅटरी निवडताना पहिलं काय बघायचं?"

"किती वेळ साथ देणार, ते."

"आणि माणूस निवडताना?"

पाना थांबला. "तिथं... मीटर लागत नाय ना," तो म्हणाला, आणि त्याचे कान लाल झाले. उर्वीला ते फार आवडले.

शनिवारी दुपारी नव्या बॅटऱ्या टेम्पोने शिवडीच्या धक्क्यावर आल्या. हितेंद्र पनवेलला एका बंद पडलेल्या ट्रकपाशी अडकला होता. होडीची राखण करणाऱ्या बाबुरावांच्या मदतीने उर्वीने बॅटऱ्या होडीत घेतल्या आणि स्वतःच जोडल्या. संध्याकाळी त्याचा फोन आला, मागे ट्रकांचा गोंगाट.

"उर्वी, उतरल्या नाय ना गो बॅटऱ्या?"

"उतरल्या की! दोन्ही उतरल्या," ती आनंदाने म्हणाली. फोन कट झाला.

रविवारी सकाळी आठला भरती होती. शिवडीचं पाणी एकदा ओसरायला लागलं की बघता बघता चिखल वर येतो आणि होडी त्यात रुतून बसते. नऊच्या आत निघायलाच हवं होतं. काका घड्याळ बघत धक्क्यावर उभे होते. उर्वीने बॅटरीच्या पेटीचं झाकण उघडलं.

पेटी रिकामी होती.

"बाबुराव, बॅटऱ्या?"

"तुमचा हितेंद्र पहाटे घेऊन गेला. मला वाटलं, तुम्हाला ठाऊक आहे."

हॉटेलवाल्याबद्दल आपणच त्याला सांगितलं होतं... त्याने हातमिळवणी केली असेल का? छे, हितेंद्र तसा नाही. पण पेटी तर रिकामी होती. घावणे, लाल कान, सगळं खोटं? आठ पंचवीस झाले. पाणी धक्क्याची एक पायरी उतरलं. काकांनी खिशातून मोबाइल काढला, टेम्पोवाल्याचा नंबर शोधायला.

आठ पस्तीसला हितेंद्र आला. हातगाडीवर दोन बॅटऱ्या, अंगावर घामाने चिकटलेला शर्ट.

"तीनदा फोन केला तुला!"

उर्वीचा फोन दोन पिशव्यांत गुंडाळून सामानाच्या तळाशी होता. पाण्यावर तसाच ठेवायचा, असं त्यानेच शिकवलं होतं.

"का नेल्यास?"

"का म्हणजे? तूच बोललीस, दोन्ही उतरल्या. नव्याकोऱ्या बॅटऱ्या एका दिवसात उतरतात म्हणजे काय? चार्जिंगला लावायला गेलो तर फुल भरलेल्या."

"अरे, टेम्पोतून उतरल्या म्हणाले मी!"

हितेंद्रने कपाळावर हात मारला.

"मीटर लावून बघायचं ना न्यायच्या आधी," ती हळूच म्हणाली.

"हजार बॅटऱ्या बघितल्यात," तो खाली बघत म्हणाला. "तुझ्या वेळेलाच सुचलं नाय. तू समुद्रात एकटी, आणि बॅटरी उतरलेली... एवढंच डोक्यात."

"उर्वी," काका वरून म्हणाले, "वीस मिनिटं."

तो पेटीत वाकला. घाईत हात भराभर चालले आणि जुन्या सवयीने एकीचा प्लस दुसरीच्या मायनसकडे निघाला. उर्वीने त्याचं मनगट पकडलं.

"हाताला समजव."

तो थबकला. वायर योग्य जागी गेली, तरी मनगट तिने लगेच सोडलं नाही. मग तिने कळ फिरवली. इंजिन एकदा खोकलं... दुसऱ्या फेरीला धडधडलं. डोलकाठीवरचा दिवा लागला. काकांनी मोबाइल खिशात ठेवला.

दोर सोडताना हितेंद्र धक्क्यावरून पुटपुटला, "तुझ्या मनातून उतरलो ना मी?"

उत्तर द्यायला वेळ नव्हता. खाली चिखलाची कड दिसू लागली होती. उर्वीने सुकाणू वळवलं.

जहाजांच्या वाटेत नेमका वारा पडला. शीड लोंबकळलं आणि दूरवर एक भोंगा वाजला. तिने कळ फिरवली आणि इंजिन एका झटक्यात सुरू झालं. ती रडली, पण ते पाहायला कोणी नव्हतं.

मांडव्याच्या धक्क्याला दोर बांधून तिने दोन्ही पिशव्या फाडल्या आणि फोन लावला.

"हितेंद्र, उतरले."

"बॅटरी?" त्याचा जीव गेल्यासारखा आवाज आला.

"मी रे. मांडव्याला. बॅटऱ्या भरलेल्या आहेत. आणि तू... वीस मिनिटं उतरला होतास मनातून. आता नाहीस. आता उतरणार नाहीस, असं वाटतंय."

पलीकडे कोणीतरी घसा खाकरला.

"उर्वी," काका म्हणाले, "स्पीकर चालू आहे. टेम्पोवाल्याला येऊ नको म्हणून कळवलंय. आणि संध्याकाळच्या भरतीला, दिवे लावून परत ये. हा मुलगा इथून हलायला तयार नाही."